गच्च भरलेली डिस्क
दापोडीतला हा लॅपटॉप दुरुस्त करणारा गिऱ्हाइकाचा अपमान केल्याशिवाय स्क्रू उघडत नाही. माझा लॅपटॉप रांगत होता आणि दुसऱ्या दिवशी निघोज्याच्या आमच्या कंपनीत ऑडिट होतं. मी नवी एसएसडी मागितली.

"डिस्क ठणठणीत आहे, साहेब. गच्च भरलीय, म्हणून रखडतेय. 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल'. एकाच रिपोर्टचं लोणचं घातलंय का?"

"ऑडिटला जुनं लागतं."

"पुसा तुम्हीच. गिऱ्हाइकाचं मी पुसत नाही. आधी चहा पिऊन या."

परत येऊन मी जुन्या प्रती पुसल्या. लॅपटॉप पळू लागला. निघताना त्याने एक पेनड्राइव्ह पुढे केला. मी चहाला गेलो तेव्हाच त्याने सगळ्या प्रती त्यावर उतरवल्या होत्या.

"उद्या रडत येऊ नका, राव."

ऑडिटरने सगळ्यात आधी मागितली, ती पुसलेलीच प्रत.