बाबांचा राजा मरत नव्हता

शाळेत मुलींना बुद्धिबळ शिकवायला घेतलं आणि दिवाळीपर्यंत त्याच मला हरवायला लागल्या. शिकवणारीचंच नाक कापलं गेलं. मग मी सरावाचं एक पुस्तक आणलं. पानावर पटाचं चित्र, खाली एक ओळ, 'पांढऱ्याची दोन चालींत मात', आणि उत्तरं शेवटी. रोज सकाळी चहाबरोबर पाच कोडी. सुरुवातीला मी चाल आधी करायची आणि विचार मागून. मग हात मांडीखाली दाबून बसायला शिकले. महिन्याभरात मुली जरा वचकून खेळू लागल्या.

बाबांपुढं ते पुस्तक ठेवलं ते मात्र खेळ म्हणून नाही. बाबांची उभी हयात मूल गावच्या राईस मिलमध्ये गेली. त्याआधीच्या पंधरवड्यात त्यांनी दोनदा दूध उतू जाऊ दिलं आणि शेजारच्या भाऊंना भलत्याच नावानं हाक मारली. मला धसकाच बसला. पण बापाला 'तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना' असं विचारणार कसं? एकेकाळी ते मिलमध्ये बुद्धिबळात कुणाकडून हरत नसत, म्हणून मी अगदी सोपी तीन कोडी निवडून दिली.

तिन्हींना त्यांचं उत्तर एकच. "इथी मात नाई होत. राजा निसटते."

मी शेवटचं पान उघडून दाखवलं. ते त्या उत्तरांकडे बघत राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं आणि चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे नंबर लावला.

नंबराच्या आदल्या सकाळी राहवेना. पट मांडला, पहिलं कोडं लावलं, उत्तरातली पहिली चाल म्हणून पांढरा वजीर सरकवला. "आता निसटवून दाखवा."

बाबांनी काळा राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवला.  आता सगळंच संपलं, असं वाटलं.

"राजा असा चालतो का कधी?" मी ओरडलेच.

"त्याले अजून शह नाई लागला," बाबा म्हणाले. "शह लागेपर्यंत राजाले एक बार घोड्याची चाल असते. मिलमध्ये लाइन गेली का आम्ही पोत्यावर असंच खेळत होतो. अन् ह्या राजाले आधी शह लागला होता का नाई, ते तुह्या पुस्तकात काऊन नाई लिवलं?"

मी उरलेली दोन्ही कोडी त्यांच्या नियमानं लावून पाहिली. दोन्ही राजे खरंच निसटले. मी हसत सुटले. पुस्तकातल्या नियमांत राजाला ती उडी नसते, एवढंच मी बाबांना सांगितलं.

"मंग तसं आधी सांगा लागत होतं ना," म्हणत त्यांनी चहा निवायच्या आत तिन्ही सोडवली. तिसऱ्याला मला स्वतःला अर्धा तास लागला होता. डॉक्टरांचा नंबर मी काही रद्द केला नाही, दूध उतू गेलं ते गेलंच होतं. पण छातीवरचा धोंडा उतरला.

"मला भलतंच वाटलं होतं, बाबा," मी म्हणाले.

"मलेबी," ते पटाकडे बघत म्हणाले. "छापलेलं पुस्तक खोटं कसं असन? तीन दिवस तेच पान पाहून राह्यलो होतो, पोरी. म्हटलं, आपलंच डोकं गेलं."

 त्यांचा हात मी दोन्ही हातांत धरला. त्या दिवशी आम्ही दोघंही पोटभर जेवलो.