दसऱ्याच्या पाटीवरची राखण

दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायची पद्धत सगळीकडेच आहे. गुंद गावच्या शाळेत मी एकटाच मास्तर, त्यामुळे मला अडवणारं कोणी नव्हतं आणि मी त्या पद्धतीला माझं एक शेपूट जोडलं. सरस्वतीच्या खाली प्रत्येकाने येत्या वर्षात आपण काय करणार त्याचं चित्र काढायचं, मग उभं राहून त्यावर तिथल्या तिथे दोन ओळी जुळवून गायच्या. दुसरी ओळ सगळ्या वर्गाने उचलून धरायची. पहिल्या वर्षी झाडून सगळी पोरं ‘अभ्यास करीन, शहाणा होईन’ असं गायली आणि माझं डोकंच फिरलं. पोपट पाळायला मी खानापुराहून या रानात आलो नव्हतो! “देवीपुढं खोटं बोलायचं नाही,” मी दरडावलं. “जे खरंच करायचंय तेच काढा, तेच गा.” पोरांनी ते मनावर घेतलं. कोणी नांगर काढी, कोणी नदी पोहून जाणारा माणूस. त्यांची वेडीवाकडी गाणी ऐकायला आईबापही येऊन बसत, आणि मला फार बरं वाटे.

त्या वर्षी मात्र जंगलखात्याचा गार्ड न बोलावता येऊन बसला. डोंगरउतारावरची झाडं तोडायची, जाळायची आणि त्या राखेत नाचणी पेरायची, ही इथली जुनी शेती. तिला कुमरी म्हणत. सरकारने ती बंद केली होती आणि सापडेल त्याला तुरुंग होता. कोणीतरी चोरून कुमरी केल्याचा वास गार्डाला लागला होता. कोणी केली ते साऱ्या गावाला ठाऊक होतं, मलाही. तो माणूस दाराशी उकिडवा बसला होता आणि त्याचा मुलगा वर्गात पाटी घेऊन आपल्या पाळीची वाट पाहत होता. गार्डाला मी माझी खुर्ची दिली. द्यावी लागली, याचाच राग जास्त.

मुलाने पाटी वर धरली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. डोंगर, त्यामागे चार खांबांवर माळा, माळ्यावर माणूस, आणि भोवती मिटलेल्या मुठींसारखी नाचणीची कणसं. खाली बस म्हणावं तर गार्ड सावध होणार. तेवढ्यात पोराने गायला सुरुवातही केली. गळा गोड होता त्याचा.

“डोंगरामागं माळा, माळ्यावर बसीन,
पिकल्या नाचणीची राखण मी करीन!”

‘राखण मी करीन’ म्हणून लहान पोरांनी छप्पर उचललं. मोठी गप्प राहिली.

“वा रं वा,” गार्ड लाडात येऊन म्हणाला. “कुठल्या डोंगरामागं?”

“पुढचा कोण? चला, वेळ होतोय,” मी घाईने म्हणालो.

“थांबा की मास्तर. सांगू दे पोराला.”

मुलाने बापाकडे पाहिलं. बाप मान खाली घालून बसला होता, वर बघेना. तेव्हा कुठे पोराला उमगलं. त्याने अंगठा जिभेला लावला आणि एकेक कणीस पुसून टाकलं. दसऱ्याची पाटी पुसतोय म्हणून बायका ‘अगं बाई’ करून कुजबुजल्या. मग त्याने पेन्सिल घेऊन माळ्यावरच्या माणसाच्या छातीवर तिरका पट्टा ओढला, हातात काठी दिली. गार्डाचा पट्टा तसाच होता.

“डोंगर कुठला, इचारलं मी,” गार्ड म्हणाला.

“कुठलाबी. मी तुमच्यासारखा गार्ड व्हणार हाय.” आणि कापऱ्या आवाजात तो गाऊ लागला.

“छातीवर पट्टा, रानात मी फिरीन,
कुऱ्हाडवाला येईल त्याला मी धरीन.”

दुसरी ओळ कोणी उचलेना. गार्ड वर्गावरून नजर फिरवू लागला. मग मीच माझ्या फाटक्या आवाजात ती उचलली, आणि पोरं कशीबशी मागे आली.

गार्ड खुलला, डोंगर विसरून पोट धरून हसला. “आन् तुझा बाच कुऱ्हाड घिऊन आला तर रं?”

मुलगा पाटीकडेच बघत होता. “त्येलाबी धरीन.”

गार्डाने त्याची पाठ थोपटली, प्रसादाची मूठ तोंडात टाकली आणि तो पुढच्या गावाच्या वाटेला लागला. तो दिसेनासा होईपर्यंत मी दारातून हललो नाही. इतका भ्यालो होतो मी.

बाप मुलाला न्यायला पुढे आला. “पोरानं राखलं तुम्हाला,” मी म्हणालो. त्याने पाटी हातात घेतली, पट्टा घातलेल्या माणसावर बोट ठेवलं.

“व्हय मास्तर. पर देवीपुढं खोटं बोलू न्हाई, हे तुमीच शिकिवलंय न्हवं? आता बोललंय ते करावं लागंल त्येला.”

इतका वेळ डोळ्यांत टिपूस न आणलेलं ते पोर बापाच्या कमरेला मिठी मारून मोठ्याने रडायला लागलं. “न्हाई धरणार, बा. तुला न्हाई धरणार मी,” असं ते म्हणत राहिलं. बाप त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होता, पण पाटी त्याने पुसली नाही.