पाकिस्तानच्या गोलात आमचा बुढा

आमचा बुढा, म्हणजे माहा नवरा, एका जागी बसत नाही. सहदेव नाव त्याचं. मलकापूर टेसनावर रेल्वेचा खलाशी होता, आता वडनेरले घरी हाये. पण जानेवारी लागला का त्याच्या अंगात वारं शिरते. आंगणात, वावरात, पारावर, पुन्हा आंगणात. पाहूनच माहे पाय दुखतात.

कारण काय, तर त्याचा कोलंबो कप. पह्यले भारत, पाकिस्तान, बर्मा आन् सिलोन हे चार शेजारी देश फुटबॉलचा कप खेळत. माह्या सासऱ्यानं चोपन साली कलकत्त्याले रेल्वेच्या कामावर असताना तो डोळ्यानं पाह्यला, आन् गावात तसाच सुरू केला. चार आळ्या, चार देश, चिठ्ठ्या माह्या सुपात. पाकिस्तान कोणालेच नको असते. म्हणून सासऱ्यानं रीत पाडली, ज्याले पाकिस्तान निघंल त्याले पहिला चहा आमचा, आन् गोलात माणूसही आमच्याच घरचा. सासऱ्यामागं बुढा उभा राह्यते. गुडघे वाजतात, पोरं हसतात, तरी राह्यते.

खेळ होते उत्तमरावाच्या वावरात. सोयाबीन निघाली का ते रिकामं. उत्तमराव म्हणजे बुढ्याचा लहानपणचा दोस्त. यंदा तो घरी आला, पण चहाले हात नाही लावला.

"सहदेवा, लोक मले बोलून राह्यले. त्या नावाची टीम माह्या वावरात नको. नेपाळ कर, भूतान कर."

"बाबाच्या कपात नेपाळ नव्हता ना बे! पहिल्या साली तर कप भारत-पाकिस्तानात वाटून देला होता."

"मंग वावर नाही," म्हणे, अन् गेला.

मंग काय इचारता! बुढा जेवेना, झोपेना. मी म्हणलं, "अवो, चिठ्ठीवर ल्याहा ना नेपाळ! काय बिघडते?"

"बाबानं पाह्यलं ते मी खोडू? कप होईन तर तसाच होईन, नाही तर बंद."

मले दोघाईचा राग आला. म्हातारपणी काय हे पोरखेळ!

एका सकाळी भाकर घेऊन आमच्या वावरात गेली, तर बुढा हरभरा उपटून राह्यला. घाटे भरलेले, हिरवागार हरभरा!

"अवं माय! डोकं फिरलं का तुमचं?"

"जागा करून राह्यलो."

मी बांधावर बसून रडली. नाही नाही ते बोलली त्याले. वर्षाची डाळ होती ती. पण बुढ्याचे हात थांबेनात. शेवटी मीच पदर खोचला. एकट्यानं उपटता उपटता त्याले उन्हाळा उजाडला असता. भारे गावात वाटले, घरोघर घाटे भाजले.

खेळाच्या दिवशी पाकिस्तान खालच्या आळीले निघालं. त्याईले चहा देला. बुढा गोलाकडं निघाला, पण उपटून उपटून कंबर धरलेली, सरळ उभं राहता येईना.

तेवढ्यात उत्तमराव आला. ढेकळं पाहत राह्यला.

"उभं पीक उपटलं बे? मले एक डाव इचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर देलं असतं?"

उत्तमरावानं चपला बांधावर काढल्या, धोतर खोचलं, गोलात जाऊन उभा राह्यला.

"सरक. तुह्यानं वाकणं होत नाही."

"लोक बोलतीन तुले," बुढा म्हणे.

"बोलू दे." मंग माह्याकडं पाहून म्हणे, "वहिनी, पाकिस्तानचा चहा मले नाही भेटला अजून."