तापीच्या वाळूवरचं पारणं

चालताना नजर पावलापुढच्या जमिनीवर. बसण्याआधी सतरंजी हलकेच झटकायची. जेवण सूर्य मावळायच्या आत. कापड मापताना गिऱ्हाइकाच्या बाजूने चार बोटं जास्त सोडायची. हसू आलं की तोंडावर हात. आणि कुणी लहान मूल बोलत असेल, तर हातातली कात्री खाली ठेवून ऐकायचं.

वरणगावच्या बाजारात कापडाचं दुकान चालवणाऱ्या इंदरचंदशेठच्या या सवयी कामिनीला पाठ झाल्या होत्या. ती केळीवाल्या पाटलांच्या घरातली. मराठीत एम. ए. करून इथल्याच शाळेत पाचवीला शिकवायला लागलेली. वयात पस्तीस वर्षांचं अंतर असलं, तरी दोघांची मैत्री जुळली ती तापीच्या वाळूमुळे.

पहिल्याच वर्षी शेठ शाळेत आले आणि दारातच उभे राहिले. "बाई, तुमची मुलं मला एक सकाळ देता का?"

मुलांना घेऊन ते नदीवर गेले. उन्हाळ्यात पाणी आटतं आणि पात्रात वाळूची बेटं उघडी पडतात. शेठनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. पुढच्याच्या पावलात पाऊल ठेवून चालायचं, असं बजावलं. मग एका जागी बसून बोट दाखवलं. मुलांना काही दिसेना. बऱ्याच वेळाने वाळूतल्या खळग्यात वाळूच्याच रंगाची ठिपकेदार अंडी दिसली. तेवढ्यात सुरय पक्षीण पाण्याला पोट लावून आली आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसली.

"अंडी उकडू नयेत म्हणून," शेठ कुजबुजले.

पात्रात टरबुजं लावणारा झिपरू लांबून हे बघायचा. "शेठ, अंडं खात नई अन् अंड्याचीच शाळा भरवता?"

"म्हणून तर भरवतो. माझ्यापासून त्यांना धोका नाही."

झिपरू खो खो हसला. शेठनी तोंडावर हात धरला.

यंदा सुरयांची आणि टिटव्यांची घरटी पुष्कळ होती. अखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, पिल्लं निघतील, तेव्हा मुलांना न्यायचं ठरलं होतं. शेठ मुलांपेक्षा जास्त आतुर झाले होते.

त्याच अखाजीला त्यांच्या पत्नीचं, मंजूबाईंचं, वर्षीतपाचं पारणं होतं. वर्षभर एक दिवसाआड उपास करायचा आणि अखाजीला उसाच्या रसाने सोडायचा, असं हे जैनांचं तप. मंजूबाई वाळून काडी झाल्या होत्या, पण चेहऱ्यावर तेज होतं. सकाळपासून घरात पाहुण्यांची रीघ. शेठ स्वतः रस वाढत होते. कामिनीही दोन पेले प्यायली.

संध्याकाळी मुलगा मनन घामेघूम होऊन आला. तपाच्या शेवटी मुक्या जिवांना खाऊ घालायची रीत असते. दर वेळी गोशाळेत चारा जायचा. या वेळी मननने काही वेगळं योजलं होतं.

"पप्पा, सरप्राइज! मम्मीच्या तपाचं दान तुमच्या पक्ष्यांना. ट्रॉलीभर ज्वारी, वाळूवर. आणि कुत्र्यांसाठी पोळ्या. कामिनीताई, तुमच्या वर्गातली पोरंपण होती. आपल्या हातांनी टाकलं सगळ्यांनी."

शेठच्या हातातला पेला कलला. रस त्यांच्या धोतरावर सांडला. मंजूबाई मात्र हात जोडून म्हणाल्या, "बहोत चोखो काम कर्‍यो बेटा."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शेठ आणि कामिनी नदीवर गेले.

वाळूवर ट्रॉलीच्या चाकांचे चर. गावातली कुत्री पोळ्यांच्या मागे थेट बेटावर आली होती आणि तिथेच राहिली होती. ज्वारीवर कावळ्यांचा थवा. पण सुरय ज्वारी खात नाही. ती मासे खाते. टिटवी किडे खाते. खळगे रिकामे होते. फुटक्या टरफलांना मुंग्या लागल्या होत्या. वर सुरय ओरडत घिरट्या घालत होत्या.

कामिनीला रडू आलं नाही. ती वाकून एकेक खळगा बघत गेली. पारण्याच्या दिवशीच हे व्हावं?

"एक पण नाही?" तिने विचारलं.

शेठनी मान हलवली. मग वाळूत बसले. झटकायचंही विसरले.

"मंजू वर्षभर उपाशी राहिली, बेटा. मुंगीलाही दुखवू नये म्हणून."

"काका, त्यांना कशाला सांगायचं?"

"मुलांना तर सांगावं लागेल. त्यांच्या हातून झालंय."

"मग काकूंच्या कानावर जाणारच."

"जाणार." त्यांनी चाकांच्या चरांकडे बोट केलं. "आणि नाही सांगितलं तर? बोदवडला माझ्या साडूकडे पुढच्या वर्षी पारणं आहे. त्याने कालच मननकडून ट्रॉलीवाल्याचा नंबर घेतला."

तिला हसावं की काय करावं, कळेना.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शेठ शाळेत आले. दोन दिवसांत खंगल्यासारखे दिसत होते. म्हणाले, आज खेळ खेळायचा. मुलांना अंगणात गोलात उभं केलं. "तू सुरय. तू अंडं, खाली बस. तू कावळा. तू कुत्रा." मुलं खिदळत आपापल्या जागी गेली. कुत्रा झालेला मुलगा भुंकूनही दाखवू लागला.

"आता एकच जण राहिला," शेठ म्हणाले. "माणूस. तो काय घेऊन येतो, सांगा बरं?"

सगळ्यांचे हात वर.

तेवढ्यात फाटकातून मंजूबाई आत आल्या. पारण्याच्या पेढ्यांचा डबा हातात. मुलांना वाटायला आल्या होत्या. "चालू द्या, चालू द्या," म्हणत कडेला बसल्या आणि कौतुकाने बघू लागल्या.

शेठनी पत्नीकडे पाहिलं. "जरा पाणी पिऊन येतो," एवढं कामिनीला म्हणाले आणि फाटकाबाहेर गेले.

मुलं जागच्या जागी उभी होती. अंडं झालेली मुलगी उन्हात बसून राहिली. कामिनी फाटकापर्यंत गेली. रस्ता रिकामा होता.

सुट्टी लागली. दुकान उघडं असतं, पण गल्ल्यावर मनन बसतो. शेठ कुणालाच भेटत नाहीत. वर्गातली मुलं बाजारात दिसली की कामिनीला एकच विचारतात, "बाई, माणूस कोण होणार होतं?"