पट्टा मी चढवला

रुक्मे, मी आदिलाबाद सोडलं तेव्हा तुझ्या आजीने मला निरोप दिला तो थोबाडीत मारून. कापसाच्या रिकाम्या पोत्यांची गाडी पेनगंगेपलीकडे, इंग्रजी मुलखात परत निघाली होती. दिवस कलला होता. माझ्या लुगड्यावर रक्त होतं, थोडं तुझ्या आईचं, थोडं गिरणीच्या जमादाराचं. तुझी आई, माझी अक्का, ओसरीवर पडली होती. मी तिच्यापासून हलेना, तेव्हा मायने एक ठेवून दिली. म्हणाली, "रडून काऊन राह्यली? तिचा हात तर गेलाच. आता तुले बी देऊ का त्या लोकाइच्या हातात? बस गाडीत!"

करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायाने पोत्यांत लोखंडी गज खुपसून पाहिला. पोत्यांखाली माझी मांडी सोलून निघाली. मी पोतं दातात धरलं. निजामाचं राज्य मी असं ओलांडलं.

हे सगळं आज उकरायचं कारण तुझं पत्र. अक्का आणि मी राबलो त्याच जिनिंग गिरणीत तू अर्ध्या पाळीवर लागलीस. आई रोज बजावते म्हणे, "पान्यापायी मशीन थांबोली म्हनून माह्या हात गेला. तू जागची हलू नोको." म्हणून तू पहाटेपासून पाण्याचा थेंबही घेत नाहीस, हे तू मोठ्या अभिमानाने लिहिलंयस. वाचून तुझ्या मुस्काटात द्यावीशी वाटली. आमच्या घराण्यात माया अशीच उतू जाते.

तुझी आई खोटं बोलते, रुक्मे. माझ्यासाठी बोलते.

तिथलं काम तुला ठाऊक आहे. पूर्ण पाळीची माणसं दुपारचा भोंगा झाला की लिंबाखाली जेवायला बसतात. आम्ही अर्ध्या पाळीच्या बाया उजाडता कामाला लागायचो आणि दिवस कलायच्या आधी सुटायचो. आम्हाला सुट्टी नव्हतीच. उलट भोंगा झाला की त्या लोकांच्या सरकी काढायच्या रिकाम्या जिनही आम्हीच चालवायच्या, म्हणजे मशीन बंद पडायला नको. त्यांची विश्रांती ते आमचं दुप्पट काम, एवढा साधा हिशेब होता. कोणी कुरकुरलं की जमादार चामड्याच्या तुटक्या पट्ट्याने पाठ फोडायचा. तो आपल्याच गल्लीतला. घरी आपल्यासारखंच बोलायचा, पण गिरणीत पाऊल टाकलं की त्याची जीभ बदलायची. "आधा दिन काम करते, और आराम पूरा होना बोलते?" असं म्हणत मारायचा. एका गरोदर बाईला त्याने पोटाशी लाथ घातलेली मी पाहिली आहे. आम्ही साऱ्या पाहत होतो आणि हात कापूस सारतच होते.

मग बायांनी आपली सोय काढली. प्रत्येक जिनला फिरवणारा पट्टा असतो. तो काठीने चाकावरून उतरवला की तेवढी एक जिन थांबते. "पट्टा घसरला" म्हणायचं, घटकाभर पाणी प्यायचं, पाठ टेकायची आणि पुन्हा चढवायचा. एकीने पट्टा सांभाळायचा, दुसरीने दम खायचा. रीत एकच, चढवण्याआधी दुसरीचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि तिने ओ दिल्यावरच काठी लावायची.

त्या दुपारी दम खायची पाळी अक्काची होती. तू तेव्हा अंगावर पीत होतीस. तिची चोळी दुधाने भिजली होती आणि ओठ तडकले होते. मी पट्टा उतरवला. ती तांब्याभर पाणी प्यायली. तिला रिकामं बसवतच नसे. मशीन थांबलंच आहे म्हणून तिने रोलरमध्ये अडकलेली सरकी काढायला हात घातला. तेवढ्यात दारात जमादार दिसला. मी घाबरले. नाव घेतलं नाही, मागे वळून पाहिलं नाही, काठी लावली आणि पट्टा चढवला.

अक्काची किंकाळी भोंग्यापेक्षा मोठी होती. पांढरी रुई लाल होऊन बाहेर पडत होती. मीच पुन्हा पट्टा उतरवला, तोवर उजव्या हाताची चार बोटं गेली होती. जमादार धावत आला, त्याने हात पाहिला, आणि मशीन कोणी थांबवलं म्हणून खाली पडलेल्या अक्काच्या पाठीवर चामडं ओढलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्याचा हात वर गेला तेव्हा माझी काठी त्याच्या डोक्यात बसली. तो पडल्यावरही मी मारत राहिले. त्याला नाही, माझ्या स्वतःच्या हाताला मारत होते, असं आता वाटतं. तो मेला नाही, एका कानाने बहिरा झाला. मेला नाही याचं मला बरीच वर्षं वाईट वाटत असे.

माझ्यापायी अमीनच्या, म्हणजे तिथल्या फौजदाराच्या, माणसांनी बाबांना चावडीवर उलटं टांगून मारलं. मी कुठे आहे ते त्यांनी सांगितलं नाही. अमीन घरी आला तेव्हा अक्का तापात होती. म्हणाली, "पट्टा मीनंच चढोला, डाव्या हातानं. पोरीचा काई दोष नाई." माय-बाबांनाही तिने तेच सांगितलं. बाबा मला मरेपर्यंत वाघीण म्हणत राहिले, बहिणीसाठी भिडलेली. ते नाव मी फुकट मिरवलं.

इथे यवतमाळला मी पूर्ण पाळीवर आहे. लिहायला इथेच शिकले. दुपारी रिसेसची घंटा होते. पहिल्या दिवशी बसले तेव्हा पाहिलं, माझ्या मशीनवर अर्ध्या शिफ्टची एक बाई उभी केली होती. हातातली भाकर तशीच खाली ठेवली. मी उठून पट्टा उतरवला. सुपरवायझरने कानाखाली मारली, मीही मारली. तीनदा काम गेलं, एक दात गेला. आता आमच्या खात्यात घंटा झाली की अर्ध्या शिफ्टच्या बायाही बसतात. कागदावर त्यांचं नाव अजून नाही, पण त्या बसतात आणि त्यांना उठवायला कोणी येत नाही.

म्हणून ऐक. तुझ्या आईचा हात पाण्याने नाही गेला. माझ्या भीतीने गेला. तू पाणी पी. बाकीच्या बायांनाही बसव, सगळ्या मिळून बसा, म्हणजे कोणा एकीची पाठ सापडणार नाही. मार पडला तर मला कळव.

हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव, शेजारणी असतील तर त्यांच्यासमोर. मला इथे लोक गाव विचारतात तेव्हा मी आदिलाबाद म्हणते, पण ते घर माझं आहे असं अजून म्हणवत नाही. कापसाचा हंगाम संपला की मी येणार आहे, पोत्यांखालून नाही, गाडीत बसून. अंगणात उभी राहून "अक्का" अशी हाक मारीन. त्या दुपारी मारली नाही ती हाक. तिने ओ दिली तरच उंबऱ्याच्या आत पाऊल टाकीन.