फुलसावंगीचा नववा बोर्ड

रत्नप्रभाताईंची पूजा अर्धी झाली होती. गजानन महाराजांच्या फोटोला फूल वाहायचं तेवढं राहिलं होतं, तोच अकोल्याच्या अवधूतचा फोन आला.

"ताई, तुमचा बोर्ड बसवला. अ‍ॅडॉप्टर लावला अन् धूर निघाला हो."

"कुठून?"

"मोठ्या चिपखालून. हात लावला तर चटका बसला. गेली वाटते."

"अ‍ॅडॉप्टर कोणता होता?"

"कंपनीचाच. जुना, यंत्रासोबत आलेला."

फूल हातातच राहिलं. ताई तशाच उठून टेबलाशी गेल्या.

पुसदमध्ये त्यांना सगळे आयटीआयच्या बाई म्हणून ओळखतात. वडील तहसीलमध्ये कारकून, शाळा मराठी, पुढं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, मग सव्वीस वर्षं पोरांना सोल्डर करायला शिकवलं. त्या कॉलेजात असताना मुंबईच्या मामांनी एक संगणक आणून दिला होता. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्राम भरायचा, बटणं रबराची. निवृत्तीनंतर तो माळ्यावरून काढला, तर उंदरांच्या मुतानं आतला बोर्ड हिरवा पडून सडलेला. चिपा मात्र शाबूत होत्या. ताईंनी तो बोर्ड घासून स्वच्छ केला, दोन्ही बाजूंचे फोटो घेतले, तांब्याची एकेक रेघ मीटरनं तपासत नवा बोर्ड कॉम्प्युटरवर काढला. सात महिने लागले. कारखान्यातून बोर्ड बनून आले, चिपा बसवल्या आणि पहिल्याच झटक्याला यंत्र जागं झालं. तशीच यंत्रं जपून ठेवलेले लोक इंटरनेटवर भेटले आणि ताईंनी नऊ कोरे बोर्ड नऊ जणांना पाठवले; चिपा ज्यानं त्यानं आपल्या जुन्या यंत्रातल्या बसवायच्या. जुन्या बोर्डाचे छापील नकाशे मिळत होते, पण समोर खरं यंत्र असताना कागदावर कशाला विसंबायचं, असं त्यांना वाटलं. तेवढाच एक ताठा.

आता त्यांनी तो सडका बोर्ड भिंगाखाली धरला. अ‍ॅडॉप्टरची पिन जिथं खोचतात, तिथं मागच्या बाजूला दोन रेघा ब्लेडनं तोडून बारीक वायरींनी उलटसुलट जोडलेल्या होत्या. हे त्यांनी आधीही पाहिलं होतं, पण काम इतकं सुबक होतं की कंपनीचंच असेल असं धरून त्यांनी ते जसंच्या तसं उतरवलं होतं. अचानक आठवलं. मूळ अ‍ॅडॉप्टर जळाला होता, बाजारात मिळायचे ते सगळे उलट्या जोडणीचे. म्हणून बाबांनी यंत्र बाबूसिंगच्या रेडिओ दुकानात नेलं होतं. बाबूसिंगनं वायरी फिरवून दिल्या, की बाजारचा कुठलाही अ‍ॅडॉप्टर चालावा!

म्हणजे ताईंच्या घरी बोर्ड बिनघोर चालला. पण ज्याच्याकडं कंपनीचा अ‍ॅडॉप्टर, त्याच्या यंत्रात अधिकच्या जागी वजा शिरणार. आणि ती मोठी चिप आता जगात कुणी बनवत नाही.

उरलेल्या आठांपैकी सात जण तासाभरात फोनवर सापडले. कुणी अजून खोकंच उघडलं नव्हतं, कुणाकडं बाजारचा अ‍ॅडॉप्टर होता. फुलसावंगीचे किसनराव तेवढे लागेनात. गणिताचे निवृत्त मास्तर. काल संध्याकाळी त्यांचाच निरोप आला होता: "बाई, चिपा बसवल्या. उद्या नारळ फोडून चालू करतो. माह्याजवळ कंपनीचाच अ‍ॅडॉप्टर हाय बरं!"

"अहो, स्कूटर काढा," ताई नवऱ्याला म्हणाल्या.

नंदकिशोररावांनी पेपर खाली केला. "फुलसावंगीला? स्कूटरनं? अगं, चिपच जळेल ना, माणूस तर नाही जळत."

"तुम्ही काढता की मी बसनं जाऊ?"

त्यांनी स्कूटर काढली. ताईंनी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

सगळा रस्ता ताई मागं बसून फोन लावत होत्या. संपर्क क्षेत्राच्या बाहेर, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मध्येच म्हणाल्या, "अवधूतला माझ्या यंत्रातली चिप देऊन टाकीन."

"मामांनी दिलेल्या यंत्रातली?"

"हो. पण मास्तरांची गेली तर तिसरी कुठून आणू?"

नंदकिशोरराव एरवी काहीतरी टोमणा मारायचेच. या वेळी त्यांनी फक्त वेग वाढवला. कापसाची वावरं मागं पळत होती आणि ताईंना दर वळणावर तो नारळ फुटल्याचा आवाज येत होता.

किसनरावांच्या ओसरीत त्यांच्या पत्नी विमलताई सुपात तूर निवडत बसल्या होत्या.

"सर आहेत का? मी पुसदची, बोर्डवाली."

"या, या बाई! ते वावरात गेलते, येतीन. लाईन नाही ना सकाळपासून."

ताईंचा जीव क्षणभर भांड्यात पडला. "मग यंत्र सुरू नाही केलं?"

"कुठचं! नारळ फोडला अन् लाईन गेली. लई चिडले. मंग पिन खोचूनच ठेवली, टीव्ही बी चालू ठेवला. म्हणे, लाईन आली की टीव्ही बोंबलते, मले आवाज देजो."

त्या यंत्राला स्वतःचं बटण नाहीच. पिन खोचली की सुरू. म्हणजे आत्ता, या क्षणी, ते फक्त विजेची वाट पाहत बसलं होतं.

"कुठं आहे? ती खोली उघडा."

"कुलूप हाय. नातू हात लावते म्हणून चावी कमरेलेच बांधून गेले."

"अहो, तुम्ही वावरात जा, सरांना घेऊन या!" ताई नवऱ्यावर ओरडल्या. इतक्या मोठ्यानं त्या सव्वीस वर्षांत कुठल्या पोरावरही ओरडल्या नव्हत्या. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. विजेचा मीटर, त्याखाली पांढरा चिनी मातीचा फ्यूज. त्यांनी स्टूल ओढलं.

"अवं बाई, काय करून राह्यल्या? करंट लागन ना!" विमलताईंनी सूप खाली ठेवलं.

"लागू द्या."

स्टूल डुगडुगत होतं. फ्यूज जाम बसला होता, बोटं घामानं निसटत होती. लाईन आता आली तर, आता आली तर, एवढंच डोक्यात. महाराजांचं नाव ओठांवर येईना, नुसताच श्वास येत होता. तिसऱ्या झटक्याला फ्यूज निघाला. ताई खाली उतरल्या आणि तो मुठीत घट्ट धरून भिंतीला टेकून बसल्या.

विमलताई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. "आमच्या घरावर काही संकट हाय का, बाई?"

"होतं. माझ्यामुळंच."

सात-आठ मिनिटांनी पलीकडची चक्की घरघरली. शेजारच्या घरात टीव्ही किंचाळला.

"घ्या! साऱ्या गावाची लाईन आली, आपलीच नाही आली," विमलताई म्हणाल्या.

ताईंना हसू आलं नाही. मुठीतला फ्यूज त्यांनी आणखीच घट्ट धरला.

किसनराव स्कूटरवरून उतरले ते "आली का, आली का?" करतच. ताईंनी फ्यूज त्यांच्या हातात दिला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाबूसिंग, वायरी, अवधूतची चिप, आपला ताठा. काही झाकलं नाही.

मास्तर म्हणाले, "बाई, दोन पोट्ट्यायचं उत्तर चुकलं अन् दोघायचं बी सारखंच चुकलं, तर मी वळखो. नक्कल मारली. नक्कल मारली का चूक बी संगं येते."

"हो, सर." ताईंची मान खाली होती.

"मंग दुरुस्त करा. परीक्षा तर झालीच नाही अजून."

खोली उघडली. पिन उपटली. ताईंनी ब्लेडनं दोन रेघा तोडल्या, बॅटरीवरच्या सोल्डरिंग आयर्ननं दोन वायरी उलट्या जोडल्या. बाबूसिंगचंच काम, परत फिरवून. मोठी चिप काढून बाजूला ठेवली, फ्यूज बसवला, पिन खोचली आणि रिकाम्या जागेवर मीटर लावला. आकडा बरोबर. पुन्हा लावला, बरोबर. तिसऱ्यांदा लावला.

"किती वेळ मोजता?" नंदकिशोरराव म्हणाले.

"मोजू द्या हो त्याईले," विमलताई म्हणाल्या.

पिन पुन्हा काढली, चिप जागेवर बसली. ताईंनी पिन मास्तरांपुढं धरली. त्यांनी हात मागं घेतला. "नाही. तुमचा बोर्ड, तुम्ही लावा."

ताईंनी डोळे मिटले आणि पिन खोचली. नाक तेवढं जागं होतं, धुराचा वास शोधत.

"बाई, डोळे उघडा ना," विमलताई म्हणाल्या. "टीव्हीवर काहीतरी उमटून राह्यलं."

मास्तर टीव्हीपुढं बसलेच होते, एका बोटानं रबरी बटणं दाबत. ताईंनी पडद्याकडं पाहिलंच नाही. उघड्या यंत्रात त्यांनी बोट टेकवलं ते मोठ्या चिपवर. कोमट होती. कोमटच असायला हवी. तरी विमलताईंनी चहा आणला, तो निवला, त्यावर साय धरली, तोवर त्यांनी ते बोट उचललं नाही.