दारातली सनई

चिंच त्यांनी मुद्दाम आणली होती.

एका वकिलाच्या मुलीचं लग्न होतं. मांडवाच्या दारात, चपलांच्या ढिगाशेजारी आम्ही बसलो होतो. बापू, माझा बाप, सनई वाजवत होता आणि मी सूर धरला होता. सूर म्हणजे सनईसारखीच दुसरी नळी. तिच्यातून एकच आवाज काढायचा, सनई थांबेपर्यंत, मध्ये खंड न पडू देता. मी अकरा-बारा वर्षांची होते. अंगात शर्ट, डोक्याला टोपी. वेणी टोपीत कोंबलेली.

नवऱ्याकडची चार तरणी माणसं समोर येऊन उभी राहिली. शिकलेली, परीटघडीचे कपडे घातलेली. त्यांनी चिंच काढली आणि आमच्या तोंडासमोर मिटक्या मारत चोखायला लागली. समोर कुणी चिंच खाल्ली की वाजवणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. ते पाणी सनईच्या तोंडाच्या पत्तीत उतरतं आणि आवाज बसतो. ही गंमत सगळ्यांना ठाऊक होती. बापूला सवय होती. त्यानं डोळे मिटून घेतले. मला ते सुचलं नाही.

अक्षता पडल्या आणि नेमका तेव्हाच माझा सूर बुडाला. लाळ हनुवटीवरून शर्टावर आली. ते चौघे पोट धरून हसले.

वकिलाचा थोरला भाऊ धावत आला. त्यानं माझी टोपी ओढली. वेणी पाठीवर पडली.

"पोरगी बसवलीस व्हय रे? ऐन मुहूर्ताला अपशकुन केला हिनं."

चिंच खाणाऱ्यांना तो काही बोलला नाही. बापूनं डोक्याचा पटका काढला आणि त्याच्या पायावर ठेवला. चुकलं म्हणाला. मग परत जागेवर येऊन बसला, सनई फडक्यानं पुसली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "धर गं सूर."

मी धरला.

चिंचेपेक्षा हे जास्त लागतं. मी धरला.

त्याच्या वर्षभर आधीपर्यंत मी शाळेत होते. चौथी पास झाले, तेवढ्यात चुलत्याला खोकल्यानं धरलं. सूर तोच धरायचा. घरात मुलगा नव्हता. बापूनं पपईचा पोकळ देठ कापून आणला, तांब्यात पाणी घेतलं आणि फुंकायला लावलं. पाण्यातले बुडबुडे थांबता कामा नयेत. गालात वारा साठवायचा, तो सोडता सोडता नाकानं नवा दम घ्यायचा. पंधरा दिवस गाल ठणकत होते. सोळाव्या दिवशी बुडबुडे थांबले नाहीत. बापूला एवढा आनंद झालेला मी परत कधी बघितला नाही.

वकिलाच्या लग्नानंतर त्यानं मला बाहेर नेलं नाही. पण दुपारी घराचं दार लावून सनई शिकवली. दोन-तीन वर्षं. नवरी दारात यायच्या आधी तो एक चीज वाजवायचा, तीही दिली. मग माझं लग्न झालं आणि वाजवणं संपलं. बापू गेला तेव्हा आईनं सनई धोतराच्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडं दिली. मी ती पेटीच्या तळाशी ठेवली.

पण ती गप्प बसली नाही. स्टोव्ह पेटवला की त्याच्या आवाजात मला सूर ऐकू यायचा. त्याच्यावर बापूची सनई चढायची. स्टोव्ह विझवला तरी सनई थांबायची नाही. सूर सुटलेला, एकटी सनई. वाट बघितल्यासारखी. मी कणीक मळता मळता थांबायची, आणि गाल आपोआप फुगलेले असायचे.

सात-आठ वर्षं अशी गेली. मग एक दिवस रंकाळ्याकडं जाताना भिंतीवर एक कागद दिसला. अडखळत वाचला. हौशी वाद्यवृंद काढत होते. स्त्री-पुरुष कुणीही यावं, जातपात पाहणार नाही, रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये परीक्षा. मी तो दोनदा वाचला.

सनई काढली. पत्ती वाळून गेली होती, नवी बसवली. पहिल्या दिवशी नुसता वारा आला. चौथ्या दिवशी ओठ फुटला. स्टोव्ह लावून त्याच्या आवाजावर वाजवायची, म्हणजे शेजारी कळणार नाही. नवरा गिरणीत. तो म्हणाला, "गिरणीत भोंगा, आता घरात बी भोंगा?" पण मी कागदाचं सांगितल्यावर म्हणाला, "जा की. खाणार हायत व्हय तुला?"

हॉलमध्ये तिघे खुर्च्यांवर बसले होते. मधले डॉक्टर, ते अध्यक्ष. शेजारी हायस्कूलचे एक मास्तर, तिसरे कुणी व्यापारी. वाजवणाऱ्यासाठी मध्ये एक खुर्ची होती. माझ्या आधी एका बाईंनी तिच्यावर बसून फिडल वाजवलं. दोनदा चुकल्या. डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, सरावानं येईल. त्यांना घेतलं.

मी खुर्चीकडं निघाले तर मास्तर म्हणाले, सनई खाली बसूनच छान वाटते. मी खाली बसले.

डोळे मिटून वाजवलं. बापूची चीज. मधे एकदा दम कमी पडला, पण तुटू दिलं नाही. संपलं. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं कशाला लिहू, होतं.

त्यांनी राग विचारला. मी म्हणाले, "नाव ठाऊक न्हाय. नवरी यायच्या आधी बापू दारात वाजवायचा."

"म्हणजे वाजंत्र्यांच्यातल्या तुम्ही," मास्तर म्हणाले. सगळे मोकळे झाल्यासारखे हसले. डॉक्टरांना आठवण आली. लहानपणी लग्नात सनईवाल्यापुढं चिंच घेऊन कसे उभे राहायचे, त्याचं तोंड कसं व्हायचं, ते त्यांनी गाल फुगवून दाखवलं. माझी भीड जावी म्हणून सांगत होते. मनात काही नव्हतं. त्या चौघांच्याही नसेल.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. इतक्या वर्षांनी, चिंच नसताना.

मग मास्तर समजावून बोलले. "बाई, हात चांगला आहे तुमचा. पण आमचं मंडळ हौशी. तुमचा तो पिढीजात धंदा. हौशी लोकांत तुम्हाला कसं बसवणार?"

मी विचारलं, "मी कवा कुणाकडं बिदागी मागितली?"

"तसं नव्हे. पण वाया जाऊ देणार नाही तुम्हाला. पहिल्या कार्यक्रमाला मोठे पाहुणे यायचेत. तुम्ही दारात बसा. पाहुणे आत येताना वाजवा. शोभा येईल."

दारात. चपलांपाशी.

डॉक्टर मान डोलवत होते. फिडलवाल्या बाई माझ्याकडं बघून हसल्या, माझं काम झालं म्हणून.

मी उठले आणि खुर्चीवर जाऊन बसले. सनई तोंडाला लावली. चीज वाजवली नाही. सूर धरला. एकच. त्यांना वाटलं सुरुवात आहे. मी नाकानं दम घेत राहिले. व्यापाऱ्यानं घड्याळ बघितलं. मास्तर "बाई, बाई" म्हणाले. डॉक्टरांचं हसू उतरलं. या वेळी डोळे उघडे होते माझे. तिघांच्या तोंडाकडं बघत होते. सूर हलू दिला नाही. मग मी तो तोडला. कुणी तोडायला लावला नाही. मी तोडला.

"दारात न्हाय बसणार," म्हणाले, आणि सनई फडक्यात गुंडाळली.

बापू अजून येतो. स्टोव्ह पेटला की येतो. धर गं सूर, म्हणतो. मी त्याला तोंडावर सांगते, न्हाय धरणार. तरी तो जात नाही. पटका त्याच्या डोक्यावर नसतो.

मुलगी सहा वर्षांची आहे. तिला मी पपईचा देठ दिला आहे. दम शिकली की हातात सनईच देणार, सूर नाही. दार लावून शिकवणार नाही.

आणि नव्या माणसांसाठी दर वर्षी तो कागद भिंतीला लागला की मी जाणार. जाऊन खुर्चीवरच बसणार. तुम्ही हौशी नाही, हे त्यांना दर वर्षी माझ्या तोंडाकडं बघून म्हणावं लागेल.